लाकूड-कापणीची वाफयंत्रे व त्यांची एकस्वे : ठाणे–कल्याण परिसर

ओंडके चिरून त्यांपासून तुळ्या, फळ्या व वासे काढणारी यंत्रे आणि ती यंत्रे चालविणारे वाफ एंजिन यांवर एकोणिसाव्या शतकात यूरोप व अमेरिकेत अनेक एकस्वे (पेटंटे) देण्यात आली. ही यंत्रे हिंदुस्थानात आली तेव्हा त्यांच्यापाठोपाठ एकस्वाचा कायदाही आला. मुंबई बेटाच्या पाठीशी असलेला ठाणे–कल्याण परिसर या घडामोडीच्या दृष्टीने लक्षणीय आहे. सागाची जंगले, ओंडके वाहून नेणाऱ्या खाड्या, जहाजबांधणीची जुनी परंपरा आणि देशातील पहिला प्रवासी लोहमार्ग या चारही गोष्टी येथे जवळजवळ होत्या. असे असूनही यंत्रे बनविण्याचे ज्ञान या परिसरात फार उशिरा रुजले. यामागील कारणे समजण्यासाठी एकस्वपद्धतीचे स्वरूप प्रथम पाहणे आवश्यक आहे.

एकस्वाचे स्वरूप : एकस्व हा शासन व संशोधक यांच्यातील एक करार होय. संशोधकाने आपल्या शोधाचे संपूर्ण वर्णन, आवश्यक त्या आकृत्यांसह, शासनास सादर करावयाचे. त्याच्या मोबदल्यात शासनाने ठराविक मुदतीपर्यंत तो शोध वापरण्याचा, बनविण्याचा व विकण्याचा अनन्य हक्क त्यास द्यावयाचा, असे या कराराचे सूत्र आहे. मुदत संपताच शोध सार्वजनिक होतो व कोणीही कारागीर त्या वर्णनाच्या आधारे ते यंत्र बनवू शकतो. इंग्लंडमध्ये १६२४ च्या मक्तेदारीविषयक कायद्याने ही मुदत १४ वर्षे ठरविली. उमेदवारीच्या सात-सात वर्षांच्या दोन पाळ्यांइतका हा काळ होता. कराराचा पहिला भाग कायद्याने अंमलात आणता येतो. दुसरा भाग मात्र कायद्याच्या हातचा नाही. वर्णन वाचू शकणारा, धातू ओतू व कातू शकणारा आणि भांडवल उभे करू शकणारा कारागीरवर्ग समाजात असेल, तरच मुदत संपलेले एकस्व त्याच्या उपयोगी पडते.

वाफ एंजिनावरील एकस्वे : जेम्स वॉट (१७३६–१८१९) यास वेगळ्या संघनकाचे एकस्व १७६९ मध्ये मिळाले. वापरलेली वाफ सिलिंडरमध्येच थंड करण्याऐवजी ती एका निराळ्या पात्रात नेऊन थंड केल्यास सिलिंडर सतत तप्त राहतो व कोळशाची मोठी बचत होते, हे या शोधाचे मर्म होय. पार्लमेंटने १७७५ मध्ये खास कायदा करून या एकस्वाची मुदत १८०० पर्यंत वाढविली. वॉट व त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन (१७२८–१८०९) हे जुन्या एंजिनाच्या तुलनेने वाचलेल्या कोळशाच्या किंमतीचा एक तृतीयांश भाग स्वामित्वशुल्क म्हणून घेत. एकस्वाची अडचण खुद्द वॉटलाही सोसावी लागली. दट्ट्याची मागे-पुढे होणारी गती चाकाच्या गोल गतीत बदलण्यासाठी भुजादंडाची सरळ योजना उपलब्ध होती. परंतु तिचे एकस्व १७८० मध्ये जेम्स पिकार्ड याने घेतल्यामुळे वॉटला त्याऐवजी एका दंतचक्राभोवती दुसरे दंतचक्र फिरविणारी गुंतागुंतीची योजना वापरावी लागली. करवतीच्या गिरणीच्या दृष्टीने या गोल गतीला विशेष महत्त्व आहे. कारण वर्तुळाकार करवत फिरविण्यासाठी तीच आवश्यक असते.

वॉटच्या एकस्वाची मुदत संपल्यावर रिचर्ड ट्रेव्हिथिक (१७७१–१८३३) याने १८०२ मध्ये उच्च दाबाच्या एंजिनाचे एकस्व घेतले. उच्च दाबामुळे संघनकाची गरज उरली नाही, एंजिन आटोपशीर झाले आणि ते चाकांवर बसवून हलविणे शक्य झाले. पुढे १८४० नंतर इंग्लंडमधील इप्सविच, लिंकन व गेन्सबरो येथील कारखान्यांनी घोड्यांनी ओढून नेता येण्याजोगी फिरती एंजिने बनविण्यास प्रारंभ केला. अशा एंजिनाचे मोठे प्रचक्र पट्ट्याने करवतीच्या अक्षाशी जोडले, की जंगलाच्या कडेलाच गिरणी उभी राही; बाष्पित्रात जाळण्यासाठी सालपे व लाकडाचे तुकडेही चालत. अमेरिकेत जॉर्ज कॉर्लिस (१८१७–८८) याने १८४९ मध्ये वाफेच्या झडपांच्या सुधारित योजनेचे एकस्व घेतले. कॉर्लिस पद्धतीची एंजिने पुढे मुंबईच्या कापड गिरण्यांतही बसविण्यात आली.

करवतीवरील एकस्वे : इंग्लंडमध्ये वर्तुळाकार करवतीचे एकस्व सॅम्युएल मिलर याने १७७७ मध्ये घेतले. सॅम्युएल बेंथॅम (१७५७–१८३१) याने १७९३ मध्ये लाकूडकामाच्या अनेक यंत्रांचा समावेश असलेले विस्तृत एकस्व मिळविले. मार्क इझंबार्ड ब्रूनेल (१७६९–१८४९) याने जहाजाच्या कप्प्या बनविणारी यंत्रमालिका पोर्ट्‌स्मथच्या गोदीत उभारली आणि चॅटमच्या गोदीत वाफेवर चालणारी लाकूड-कापणीची गिरणी बांधली. विल्यम न्यूबेरी याने १८०८ मध्ये पट्टा करवतीचे एकस्व घेतले. या करवतीचे पाते दोन चाकांवरून सलग फिरणाऱ्या पट्ट्यासारखे असते. पट्टा पातळ असल्याने लाकडाचा भुसा कमी होतो. परंतु त्याची टोके टिकाऊ रीतीने जोडण्याची कृती त्या काळी साधली नव्हती. ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये साधली व त्यानंतरच पट्टा करवत प्रचारात आली. न्यूबेरीच्या एकस्वाची मुदत तोपर्यंत केव्हाच संपून गेली होती. शोध लागणे आणि तो घडविता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे हे उत्तम उदाहरण होय.

एकस्वामुळे उद्योगाची कोंडीही होऊ शकते, हे अमेरिकेतील विल्यम वुडवर्थ याच्या रंधायंत्राने दाखवून दिले. या यंत्राचे एकस्व १८२८ मध्ये देण्यात आले आणि वारंवार मिळालेल्या मुदतवाढींमुळे ते १८५६ पर्यंत चालू राहिले. या काळात फळ्या रंधण्याच्या बहुतेक सर्व गिरण्यांना एकस्वधारकांना शुल्क द्यावे लागे व त्यावरून असंख्य खटले झाले. यंत्रांना कारागिरांचा विरोधही काही ठिकाणी झाला. लंडनजवळील लाइमहाउस येथील पवनशक्तीवर चालणारी चार्ल्स डिंग्ली याची करवतीची गिरणी १७६८ मध्ये हाताने लाकूड कापणाऱ्या शेकडो करवत्यांनी मोडून टाकली होती.

ठाणे–कल्याण परिसरातील लाकूड व कारागिरी : शहापूर, मुरबाड, वाडा या भागांतील डोंगरउतारांवर साग, ऐन इ. वृक्षांची जंगले असून तेथील लाकूड बैलगाड्यांनी खाडीकाठच्या बंदरांत व तेथून गलबतांनी मुंबईस जात असे. उल्हास नदीच्या खाडीवरील कल्याण हे प्राचीन बंदर आहे. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण व भिवंडी घेतल्यानंतर तेथे जहाजबांधणीस प्रारंभ केला व त्या कामी काही काळ पोर्तुगीज कारागिरांचेही साहाय्य घेतले. ओंडका चिरण्याची पद्धत मात्र शतकानुशतके एकच होती. ओंडका घोडीवर किंवा खड्ड्यावर आडवा ठेवून एक करवत्या वर व दुसरा खाली उभा राही आणि दोघे मिळून लांब करवत ओढीत. वरचा करवत्या काजळीच्या दोरीने आखलेल्या रेषेवर नजर ठेवी, तर खालच्याच्या डोळ्यांत भुसा पडे. सागाच्या लाकडात सिलिकेचे सूक्ष्म कण असल्याने पात्याचे दाते लवकर बोथट होत व त्यांस वारंवार कानस लावावी लागे. हाच गुणधर्म पुढे यंत्रकरवतींनाही जाचक ठरला.

लोहमार्गामुळे लाकडाच्या मागणीचे स्वरूपच पालटले. मुंबई ठाणे व कल्याण यांना लोहमार्गाने जोडून तो थळ व बोर घाटांकडे न्यावा, ही कल्पना मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना १८४३ मध्ये भांडुप येथील मुक्कामात सुचली. बोरीबंदर ते ठाणे हा २१ मैलांचा (सु. ३४ किमी.) मार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला. ठाण्याची खाडी ओलांडून तो १८५४ मध्ये कल्याणपर्यंत आणि १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचला. बोर घाटाचे काम १८६३ मध्ये व थळ घाटाचे १८६५ मध्ये पूर्ण झाल्यावर कल्याण हे दोन महामार्गांचे संधिस्थान बनले. कल्याण व ठाणे यांमधील डोंबिवली येथे १८८७ मध्ये स्थानक झाले. एकेरी मार्गाच्या दर मैलास सर्वसाधारणपणे १,७६० ते २,००० लाकडी स्लीपर लागतात. या हिशेबाने केवळ मुंबई–ठाणे अंतरास एकेरी मार्ग धरूनही ३७ ते ४२ हजार स्लीपर लागतात. पूल, स्थानके, डबे व तात्पुरत्या बांधकामाचे लाकूड याखेरीज होय.

या मागणीचा भार जंगलांवर व जंगलात राहणाऱ्यांवर पडला. मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून अलेक्झांडर गिब्सन यांची नेमणूक १८४७ मध्ये झाली होती. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांच्या सीमा आखण्यात येऊन वारली, ठाकूर, कातकरी इ. आदिवासींच्या व शेतकऱ्यांच्या लाकूडफाट्याच्या आणि राबासाठी डहाळ्या तोडण्याच्या वहिवाटींवर बंधने आली. त्यांविषयी ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोठा असंतोष माजल्यामुळे सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. मुंबई वन आयोग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आयोगाचा अहवाल १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या परिसरातील लाकडावर नव्या उद्योगाची उभारणी होत होती, त्यांच्या वाट्यास यंत्रांपूर्वी निर्बंध आले.

अर्देशीर करसेटजी वाडिया (१८०८–७७) : वाफ एंजिन आणि लाकूड-कापणीची यंत्रे या दोहोंशी प्रत्यक्ष संबंध आलेले मुंबई इलाख्यातील सर्वांत महत्त्वाचे तंत्रज्ञ म्हणजे अर्देशीर करसेटजी होत. त्यांचे घराणे अठराव्या शतकापासून मुंबईच्या गोदीत जहाजे बांधीत होते. अर्देशीर यांनी तरुणपणीच एक अश्वशक्तीचे लहान वाफ एंजिन तयार केले. १८३३ मध्ये त्यांनी ‘इंडस’ हे सु. ६० टनांचे जहाज बांधून पाण्यात सोडले. पुढे त्यावर वाफ एंजिन बसविण्यात आले. १८३४ मध्ये त्यांनी आपल्या माझगावच्या बंगल्यात वायुदीप लावून दाखविले. १८३९ मध्ये वाफयंत्रविद्येच्या अधिक अभ्यासासाठी ते इंग्लंडला गेले व १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडले गेले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. त्याच वर्षी मुंबईच्या वाफयंत्र कारखान्यात मुख्य अभियंता व यंत्रनिरीक्षक या पदावर त्यांची नेमणूक झाली. त्यांच्या हाताखाली सु. १०० यूरोपीय एंजिनकार व बाष्पित्रकार आणि सु. २०० एतद्देशीय कारागीर काम करीत. एतद्देशीय माणसाने यूरोपीयांवर अधिकार चालवावा, हे तत्कालीन इंग्रजी वृत्तपत्रास रुचले नाही व त्याने या नेमणुकीवर टीका केली.

अर्देशीर १८४९ मध्ये अमेरिकेस गेले आणि तेथून त्यांनी लाकूड-कापणीची काही यंत्रे खरेदी करून मुंबईस पाठविली. कॉर्लिसला एकस्व मिळाले ते याच वर्षी. वुडवर्थचे एकस्वही त्या वेळी अमेरिकेत लागू होते. मुंबईत मात्र एकस्वाचा कायदा नव्हता. त्यामुळे परदेशी यंत्र येथे आणणाऱ्यास त्याबद्दल अनन्य हक्क मिळत नसे आणि ते पाहून तसेच दुसरे घडवू इच्छिणाऱ्यास मज्जावही नसे. १८५१ मध्ये त्यांनी ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात सोडली. तिचे सर्व भाग त्यांच्या घरच्या ओतशाळेत तयार झाले होते. पाहणे, उकलणे व पुन्हा घडविणे ही ज्ञानग्रहणाची रीत बंगालमध्येही आढळते. टिटागढचा लोहार गोलकचंद्र याने श्रीरामपूर येथील एंजिन पाहून १८२८ मध्ये स्वतः एक वाफ एंजिन बनविले व त्याबद्दल त्यास पारितोषिक मिळाले. अर्देशीर १८५७ मध्ये मुंबईतील पदावरून निवृत्त झाले. भारतीय डाक खात्याने १९६९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

हिंदुस्थानातील एकस्वाचे कायदे : हिंदुस्थानातील पहिला एकस्वविषयक कायदा १८५६ चा सहावा कायदा होय. त्यान्वये संशोधकास १४ वर्षांचे अनन्य हक्क देण्याची तरतूद करण्यात आली. या कायद्याखालील पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी केला. राजसत्तेची पूर्वसंमती न घेता हा कायदा केला गेल्याचे आढळून आल्याने तो १८५७ मध्ये रद्द करावा लागला व आवश्यक त्या संमतीनंतर १८५९ चा पंधरावा कायदा करण्यात आला. नव्या कायद्याने केवळ आयात करणाऱ्यास ‘संशोधक’ या संज्ञेतून वगळले व उपयुक्त शोधांपुरतेच हक्क मर्यादित केले. मात्र परदेशी संशोधकाकडून ज्याने हक्क विकत घेतले असतील, त्यास येथे अर्ज करण्याची मुभा राहिली. १८७२ मध्ये कायद्याची व्याप्ती आकृतिबंधांपर्यंत वाढविण्यात आली. पुढे १८८३ व १८८८ चे कायदे झाले आणि १९११ च्या कायद्याने एकस्व नियंत्रकाचे पद निर्माण केले.

हा कायदा कागदोपत्री सर्वांना सारखाच खुला होता. प्रत्यक्षात अर्ज कलकत्त्यास गव्हर्नर-जनरलच्या सरकारकडे करावा लागे, वर्णन इंग्रजीत व कायद्याच्या भाषेत लिहावे लागे आणि त्यासाठी खर्चही येई. मुंबई–कलकत्ता हा सलग लोहमार्ग कल्याणवरून जात असला, तरी तो १८७० मध्ये पूर्ण झाला. करवतीच्या दात्यांचा कोन सागासाठी कसा ठेवावा, हे ठाण्याच्या वखारीतील करवत्यास किंवा लोहारास अनुभवाने माहीत असे; परंतु हे ज्ञान वर्णनाच्या स्वरूपात लिहिले जात नसे आणि म्हणून कायद्याच्या दृष्टीने त्यास अस्तित्व नव्हते. शिवाय ब्रिटिश हिंदुस्थानातील एकस्व संस्थानी मुलखास लागू होत नसे. त्यामुळे जिल्ह्याच्या सीमेवरील जव्हार संस्थानाच्या जंगलात त्या हक्काची मर्यादा संपत असे.

मूल्यमापन : हिंदुस्थानच्या औद्योगिक मागासलेपणाचे खापर केवळ एकस्वाच्या कायद्यावर फोडणे योग्य ठरणार नाही. १८५६ पूर्वी कायदा नसतानाही अर्देशीर यांच्यासारखी उदाहरणे विरळाच होती. आणि कायदा झाल्यावर चौदा वर्षांनी मोकळे झालेले शोध येथील कारागिरांना कोणीही नाकारलेले नव्हते. खरी उणीव अन्यत्र होती. लोहमार्गाची एंजिने, पूल व यंत्रसामग्री ब्रिटनमधून तयार होऊन येत. दुरुस्तीच्या कार्यशाळा मुंबईत निघाल्या व त्यांत एतद्देशीय कामगार तरबेज झाले. परंतु सुटा भाग बसविण्याचे कौशल्य आणि सबंध यंत्र आखण्याचा अधिकार यांत अंतर राहिले. त्यामुळे एकस्वाच्या करारातील पहिला भाग, म्हणजे धारकाचे संरक्षण, येथे तत्काळ अंमलात आला. दुसरा भाग, म्हणजे मुदतीनंतर ज्ञान समाजाच्या हाती येणे, बव्हंशी अपुरा राहिला. अर्देशीर यांच्या जवळ घराण्याची गोदी, स्वतःची ओतशाळा आणि परदेशी जाऊन यंत्र पाहण्याची ऐपत होती. ज्यांच्या जवळ यांपैकी काहीच नव्हते, त्या कारागिरांना मुदत संपलेले एकस्व हे कुलूप उघडे असूनही पायऱ्या नसलेल्या घरासारखे होते.

शतकाच्या अखेरीस मराठी भाषकांत एकस्वाचा मार्ग जाणीवपूर्वक चोखाळणारे संशोधक निर्माण झाले. मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांनी अक्षरांचे खिळे ओतणाऱ्या यंत्रावर इंग्लंड व अमेरिकेत काम करून एकस्वे मिळविली. त्यांना दादाभाई नौरोजी यांचे पाठबळ व पुढे सर रतन टाटा यांचे अर्थसाहाय्य लाभले. तरीही हे कार्य त्यांना स्वदेशाबाहेर राहूनच करावे लागले व त्यांचा अंत न्यूयॉर्क येथे झाला. अर्देशीर यांच्या जवळ कौशल्य होते तेव्हा कायदा नव्हता. भिसे यांच्या वेळी कायदा होता, परंतु त्यांच्या शोधांना लागणारे कारखाने व भांडवलबाजार परदेशात होते.

स्वातंत्र्यानंतर एकस्व पद्धतीची फेरतपासणी झाली आणि १९७० चा एकस्व कायदा २० एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. एकस्व घेतलेल्या शोधाचा देशात प्रत्यक्ष वापर व्हावा, केवळ आयातीची मक्तेदारी टिकविण्यासाठी एकस्व वापरले जाऊ नये, हे तत्त्व त्यात नमूद करण्यात आले. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या करारांस अनुसरून १९९९, २००२ व २००५ मध्ये या कायद्यात दुरुस्त्या झाल्या व मुदत २० वर्षांची झाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाल्यानंतर ठाण्याची वागळे वसाहत व डोंबिवली औद्योगिक क्षेत्र येथे अभियांत्रिकीचे लहानमोठे कारखाने वाढले. ज्या लोहमार्गावर एके काळी परदेशी एंजिने धावली, त्याच्या दुतर्फा यंत्रभाग कातणारे व ओतणारे कामगार व उद्योजक तयार झाले. एकोणिसाव्या शतकात या परिसरात ज्या वर्गाची उणीव होती, तो हाच वर्ग होय.